एकच पोथी, निराळी पाने : पेशी, जनुके आणि थॅलसेमिया

थॅलसेमिया मेजर हा रक्ताचा गंभीर विकार घेऊन आलेले मूल जन्मसमयी निरोगी असते. वजन व्यवस्थित, रंग गुलाबी, दूध पिणे उत्तम. बारसे होते, पेढे वाटले जातात. पहिले चार-सहा महिने कोणालाही शंका येत नाही. मग बाळ हळूहळू फिकट पडू लागते, चिडचिडे होते, दूध टाकते, पोट फुगल्यासारखे दिसते. डॉक्टर रक्त तपासतात, तेव्हा हिमोग्लोबिन पाच-सहापर्यंत उतरलेले असते. घरात कारणांचा शोध सुरू होतो. दृष्ट लागली काय, आईच्या आहारात काही कमी पडले काय, वरचे दूध बाधले काय? यांपैकी कशाचाही संबंध नसतो. दोष गर्भधारणेच्या क्षणापासून बाळाच्या पेशीपेशीत होताच. तो सहा महिने दडून का राहिला, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर समजून घ्यायचे, तर शरीरातील पेशी आपापला कारभार कसा चालवतात हे आधी पाहावे लागते.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात आणि त्यांचे प्रकार दोनशेहून अधिक मानले जातात. मेंदूतील चेतापेशी लांबच लांब तंतूंनी परस्परांशी बोलते. स्नायूची पेशी आकुंचन पावते, यकृताची पेशी रसायनांची उलाढाल सांभाळते, तर डोळ्याच्या पडद्यातील पेशी प्रकाश टिपते. रूप आणि काम यांत एवढे अंतर असूनही या सर्व पेशींच्या केंद्रकात एकच पोथी असते. ती डीएनएच्या भाषेत लिहिलेली असून सुमारे ३०० कोटी अक्षरांची आहे. तिची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. पोथीत प्रथिने तयार करण्याच्या सुमारे २०,००० कृती आहेत. त्यांना जनुके म्हणतात. प्रौढ लाल रक्तपेशी मात्र आपले केंद्रकच टाकून देते, पण तिचा विचार पुढे येईल.

अकराव्या क्रमांकाच्या गुणसूत्राचे उदाहरण घ्यावे. सुमारे साडेतेरा कोटी अक्षरांच्या या गुणसूत्राच्या एका टोकाजवळ इन्शुलिनचे जनुक आहे. तेथून साधारण ३० लाख अक्षरे पुढे गेले की हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचे जनुक लागते. पोथीच्या मानाने हे शेजारीच म्हणायचे. तरीही स्वादुपिंडातील विशिष्ट पेशी इन्शुलिनचे पान वाचतात आणि हिमोग्लोबिनचे पान उघडतही नाहीत. अस्थिमज्जेतील लाल पेशींचे पूर्वज नेमके उलट करतात. चेतापेशी दोन्ही पाने मिटलेली ठेवते. मधुमेही माणसाच्या हाडांत, कातडीत, केसांच्या मुळांत इन्शुलिनची संपूर्ण कृती लिहिलेली असते, पण तेथे ती कधीच वाचली जात नाही. कोणत्या पेशीने कोणते पान केव्हा आणि किती वेळा वाचायचे, या व्यवस्थेला शास्त्रज्ञ जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात.

आज हे सरळ वाटते, पण दीर्घकाळ शास्त्रज्ञांनाच याची खात्री नव्हती. पेशी एकदा स्नायू किंवा आतडे झाली की नको असलेली पाने ती फाडून टाकत असावी, असा एक प्रबळ तर्क होता. १९६२ मध्ये इंग्लंडमधील जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक घेतले आणि स्वतःचे केंद्रक नष्ट केलेल्या अंड्यात ते ठेवले. अशा काही अंड्यांतून चक्क पोहणारी पिल्ले तयार झाली. आतड्याच्या पेशीत डोळ्याची, हृदयाची, मेंदूची पाने शाबूत होती. ती फक्त मिटलेली होती. शाळेत असताना याच गर्डन यांच्या विज्ञानशिक्षकांनी, या मुलाने शास्त्रज्ञ होण्याचे स्वप्न पाहणे हास्यास्पद आहे, अशा आशयाचा शेरा प्रगतिपुस्तकावर मारला होता. तो कागद त्यांनी पुढे जपून ठेवला. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी केवळ चार जनुके जागी करून उंदराच्या साध्या पेशीला पुन्हा गर्भावस्थेतील पेशीसारखे सर्वसमर्थ केले. दोघांना २०१२ चे नोबेल एकत्र मिळाले. गर्डन यांच्या वाट्याला ते प्रयोगानंतर तब्बल पन्नास वर्षांनी आले.

पाने उघडण्याची आणि मिटण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. एका पेशीतील डीएनए सरळ केला, तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरते. डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रकात तो मावतो, कारण विशिष्ट प्रथिनांच्या रिळांवर तो गुंडाळलेला असतो. ज्ञानभांडारातील पोथी जशी बासनात घट्ट बांधून ठेवतात, तसा न लागणारा भाग आवळून बांधलेला असतो आणि लागणारा सैल सोडलेला असतो. काही जागी डीएनएच्या अक्षरांवर सूक्ष्म रासायनिक खुणा केलेल्या असतात. बहुतेक ठिकाणी त्यांचा अर्थ ‘हे वाचू नये’ असा होतो. पेशीचे विभाजन होताना या खुणांचीही नक्कल होते. म्हणूनच यकृताच्या पेशीपासून यकृताचीच पेशी जन्मते.

बासन सैल असले तरी तेवढ्याने काम होत नाही. जनुक वाचले जावे म्हणून विशिष्ट नियंत्रक प्रथिने नेमक्या जागी येऊन बसावी लागतात, आणि बहुधा एक नव्हे, अनेक. बँकेतील लॉकर जसा ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय उघडत नाही, तसाच हा प्रकार. लाल पेशींच्या पूर्वजांत गाटा-१ आणि केएलएफ-१ ही नियंत्रक प्रथिने असतात, म्हणून तेथे हिमोग्लोबिनचे कुलूप उघडते. पेशीपेशीत किल्ल्यांचा जुडगा निराळा, म्हणून उघडणारी पाने निराळी. एकूण जनुकांपैकी बरीचशी, साधारण निम्म्याच्या आसपास, जवळजवळ सर्वच ऊतींमध्ये चालू असतात. ऊर्जा निर्माण करणे, मोडतोड दुरुस्त करणे ही घरकामे कोणाला चुकत नाहीत. उरलेल्या जनुकांच्या निवडीतून पेशीचा स्वभाव ठरतो.

लाल रक्तपेशी हे या निवडीचे टोकाचे उदाहरण होय. तिच्यातील प्रथिनांपैकी सुमारे ९५ टक्के एकटे हिमोग्लोबिन असते. एका पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू भरलेले असतात. एवढा साठा करून झाला की पेशी आपले केंद्रकच बाहेर टाकते, पोथीसकट. मग ती साधारण १२० दिवस प्राणवायूची ने-आण करते आणि संपते. तिची जागा घेण्यासाठी अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी घडत असतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो : दोन अल्फा गटातील आणि दोन बीटा गटातील. बीटा गटाची जनुके अकराव्या गुणसूत्रावर ओळीने मांडलेली आहेत. विशेष असे, की आयुष्यात ती ज्या क्रमाने कामाला येतात, त्याच क्रमाने पोथीत बसलेली आहेत. पहिले एप्सिलॉन गर्भाच्या अगदी आरंभीच्या आठवड्यांत चालते. मग गॅमा नावाची दोन जनुके गर्भकाळाचा मोठा भाग सांभाळतात. शेवटी डेल्टा आणि बीटा येतात. गॅमापासून होणारे गर्भ-हिमोग्लोबिन प्राणवायूला अधिक घट्ट धरते, त्यामुळे गर्भाला आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेता येतो. जन्मानंतर त्याची गरज उरत नाही. जन्माच्या सुमारास गॅमाचे पान मिटू लागते, बीटाचे उघडू लागते आणि सहाएक महिन्यांत हा खांदेपालट बहुतांशी पूर्ण होतो.

थॅलसेमिया मेजर झालेल्या बाळाच्या पोथीत बीटाचे पान दोन्ही प्रतींत बिघडलेले असते. भारतात सर्वाधिक आढळणारा दोष केवळ एका अक्षराचा आहे. कृतीचे तुकडे जेथे जोडायचे, त्या सांध्याजवळचे ते अक्षर बदलले की जोडणी चुकते. गॅमाचे पान उघडे असेतो बाळाला काही होत नाही. ते मिटले आणि पुढचे पान कोरे निघाले, की घरात काळजी शिरते. सहा महिन्यांचे गूढ ते एवढेच.

गॅमाचे चांगले पान त्या मुलाच्या प्रत्येक पेशीत जन्मभर शाबूत असते. ते पुन्हा उघडता आले तर? हा विचार जुना आहे. १९४८ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांना असे आढळले होते, की सिकल सेल या दुसऱ्या रक्तविकारातही तान्ह्या बाळांच्या रक्तात विकृत पेशी फारच थोड्या दिसतात. गर्भ-हिमोग्लोबिन त्यांचे रक्षण करत असावे, हे त्यांनी ओळखले. काही कुटुंबांत गॅमाचे पान मोठेपणीही आपोआप उघडे राहते आणि त्या माणसांना काहीच त्रास होत नाही, हेही पुढे कळले. पण ते पान मिटते कोण, याचा उलगडा व्हायला २००८ साल उजाडले. बोस्टन येथील स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या गटाने दाखवून दिले, की हे काम बीसीएल११ए या नियंत्रक प्रथिनाचे आहे.

मग ते प्रथिन बंद करून टाकावे, असे कोणालाही सुचेल. तेथेच विशेष पेशींचा हा सगळा विषय आडवा येतो. बीसीएल११ए मेंदूच्या घडणीलाही लागते आणि रोगप्रतिकारक पेशींनाही. जन्मतः त्याची एक प्रत निकामी असलेल्या मुलांची बौद्धिक वाढ खुंटते. २०१३ मध्ये याच शास्त्रज्ञांच्या वर्तुळाला या जनुकाच्या पोटात एक छोटी नियंत्रक जागा सापडली, आणि ती फक्त लाल पेशींच्या पूर्वजांत कामाला येते. चेतापेशीला त्या जागेची गरज नाही. डीएनएचा असा प्रथिने न घडवणारा भाग एकेकाळी अडगळ म्हणून हिणवला जात असे. त्या अडगळीतच नेमके बटण सापडले. तेवढ्याच जागी कात्री लावली, तर लाल पेशीपुरता पहारेकरी हटतो, बाकी शरीराला धक्का लागत नाही.

ती कात्री म्हणजे क्रिस्पर. तिच्यासाठी एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. रुग्णाच्याच रक्तनिर्मिती करणाऱ्या पेशी बाहेर काढून त्यांत हा बदल करतात. मग तीव्र औषधाने जुनी अस्थिमज्जा रिकामी करून सुधारलेल्या पेशी परत सोडतात. ‘कॅसगेव्ही’ नावाच्या या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये जगात प्रथम मान्यता दिली, आणि जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेने थॅलसेमियासाठी ती दिली. चाचण्यांत ज्यांचे निकाल मोजण्याइतका काळ लोटला होता, अशा ३५ थॅलसेमिया रुग्णांपैकी ३२ जणांना सलग वर्षभर किंवा अधिक काळ रक्त चढवावे लागले नाही. अमेरिकेतील घोषित किंमत २२ लाख डॉलर आहे. रुपयांत हा आकडा काय होतो, हे व्यापारी वाचकास सांगावयास नको.

तोवर बहुसंख्य मुलांच्या वाट्याला येते ती जुनीच वाट. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचे, तेही जन्मभर. प्रत्येक पिशवीबरोबर शरीरात लोह साठत जाते आणि ते काढण्याची शरीराकडे सोय नाही. ते हृदयात, यकृतात, ग्रंथींत साचते. म्हणून लोह बाहेर काढणारी औषधे रोज घ्यावी लागतात. भावंडाचा मेळ जुळला, तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने मूल बरे होऊ शकते. या प्रत्यारोपणासाठी कोल इंडियाच्या सामाजिक निधीतून १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य देणारी योजना २०१७ पासून आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही थॅलसेमियाचा समावेश आहे. महावीर जन्मकल्याणकाच्या निमित्ताने गावोगावी होणाऱ्या रक्तदान शिबिरांतील कितीतरी पिशव्या याच मुलांपर्यंत पोहोचतात. समाजाचे हे काम मोठे आहे. मात्र पिशवी देणे आणि पिशवीची गरजच न पडू देणे यांत दुसरे काम अधिक स्वस्त आहे, आणि त्याकडे समाजाचे लक्ष कमी आहे.

भारतात बीटा थॅलसेमियाचे वाहक शेकडा तीन ते चार असावेत असा अंदाज आहे, आणि दरवर्षी दहा-बारा हजार बाधित मुले जन्मतात असे मानले जाते. वाहक म्हणजे ज्याच्या दोन प्रतींपैकी एकच प्रत सदोष आहे अशी व्यक्ती. तिला आजार नसतो. चांगली प्रत काम भागवते. फार तर हिमोग्लोबिन जरा कमी आणि लाल पेशी आकाराने लहान असतात. अशा कितीतरी जणांना, विशेषतः मुलींना, लोहाची कमतरता समजून वर्षानुवर्षे गोळ्या दिल्या जातात. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल बाधित होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. ‘पहिले बाधित झाले, आता पुढची तीन सुटली’ हा हिशेब चुकीचा आहे. प्रत्येक वेळी खाते नव्याने उघडते.

सिंधी, पंजाबी, गुजराती, बंगाली, लोहाणा, सारस्वत अशा अनेक समाजांत वाहकांचे प्रमाण सरासरीहून अधिक असल्याचे सरकारी मार्गदर्शिकेत नमूद आहे. महाराष्ट्रातील जैन व्यापारी कुटुंबांपैकी अनेकांची मुळे गुजरात आणि कच्छमध्ये आहेत, आणि विवाह बहुधा ठरावीक वर्तुळात होतात. या वर्तुळाचे गणित लक्षात घ्यावे. शेकडा ४ वाहक असतील, तर दोघेही वाहक असलेले जोडपे ६२५ मध्ये एक निघेल. शेकडा १० असतील, तर १०० मध्ये एक. वाहक अडीचपट झाले की जोखीम सव्वासहापट होते. गोत्र टाळले, मामेकुळ टाळले म्हणजे पुरे, असा एक समज आहे. गोत्र बापाकडून चालते. सदोष प्रत मात्र आजी, पणजी अशा कोणत्याही वाटेने येऊ शकते.

चाचणी साधी आहे. नेहमीच्या रक्तगणनेबरोबर हिमोग्लोबिनच्या प्रकारांचे प्रमाण मोजतात. बीटाचे पान अर्धे काम करू लागले, की शेजारच्या डेल्टापासून होणाऱ्या ए-२ या प्रकाराचा टक्का वाढतो. तो साडेतीनच्या वर गेला, की व्यक्ती बहुधा वाहक असते. सोबत लोहाची मोठी कमतरता असेल, तर आकडा फसवू शकतो, म्हणून अहवाल जाणकार डॉक्टरांना दाखवावा. ही चाचणी आयुष्यात एकदाच पुरते. महाविद्यालयीन वयात, स्थळे पाहण्याच्या आधी ती झालेली उत्तम.

खरी अडचण प्रयोगशाळेत नाही, दिवाणखान्यात आहे. मुलगी वाहक निघाली तर स्थळे येणार नाहीत, या भीतीने अहवाल कपाटात जातो. वस्तुतः वाहक आणि निर्दोष यांच्या विवाहातून थॅलसेमिया मेजरचे मूल जन्मत नाही. एका वाहक अहवालाने स्थळ मोडण्याचे काहीच कारण नाही; मोडलेच, तर ते अज्ञानाने मोडले असे म्हणावे लागेल. आणि बाधित मूल जन्मले की बोल सुनेला लागतो, हेही न्यायाचे नाही. त्यासाठी दोन सदोष प्रती लागतात, त्यांतील एक नेमाने वडिलांचीच असते. परिचय संमेलनाच्या पुस्तिकेत उंची, पगार, मंगळ यांना रकाने असतात. त्यांच्या शेजारी हा एक रकाना असायला हरकत नसावी.

सायप्रस या छोट्या बेटावर एकेकाळी सातांत सुमारे एक जण वाहक होता. तेथे १९८० च्या दशकात चर्चनेच असा नियम घातला, की विवाहापूर्वी चाचणीचे प्रमाणपत्र दाखवावे. प्रमाणपत्रावर निकाल नसतो. चाचणी आणि समुपदेशन झाले, एवढेच असते. विवाहास मनाई नाही. बहुतेक वाहक जोडप्यांनी ठरलेले लग्न केलेच, आणि तरीही बाधित मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. धर्मसंस्थेने हात लावल्यावर काम किती झटपट झाले, हे पाहण्याजोगे आहे.

अर्थात तेथे पुढचा मार्ग गर्भाच्या तपासणीतून गेला. दोघेही वाहक असतील, तर गर्भधारणेच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात तपासणी होऊ शकते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय संस्थेत या क्षेत्रात अनेक वर्षांचे काम झालेले आहे. गर्भ बाधित निघाला, तर कायदा एक वाट देतो. पण अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या घराला ती वाट कायद्याइतकी सोपी नसते. प्रयोगशाळेत भ्रूण निवडण्याच्या पद्धतीतही काही भ्रूण बाजूला सारावेच लागतात. हा पेच ज्या दांपत्यापुढे येतो, त्याला कोणी बाहेरून उपदेश करू नये. विवाह ठरण्यापूर्वी दोन्ही अहवाल समोर असले, तर निदान तो पेच अनपेक्षितपणे दारात येत नाही.

ज्यांचा विवाह झालेला आहे आणि चाचणी राहून गेली आहे, त्यांनी मूल होऊ देण्याच्या आधी पतीपत्नींपैकी एकाची तपासणी करावी. ती निर्दोष आली, तर बहुधा दुसऱ्याची गरज पडत नाही. कुटुंबात कोणी वाहक निघाल्यास सख्खी भावंडे, काका, आत्या, मामा, मावशी आणि त्यांची विवाहयोग्य मुले यांनाही ते कळवावे. अगदी तान्ह्या बाळाची वाहक-चाचणी मात्र घाईने करू नये. गॅमाचे पान पुरते मिटून बीटा आणि डेल्टा स्थिरावेपर्यंत, म्हणजे साधारण वर्ष उलटेपर्यंत, तिचा आकडा भरवशाचा नसतो.